उतावीळ स्वभाव आणि पहिला पेला : किशोरवयीन मद्यपानामागील एक दुर्लक्षित कारण

लग्नाच्या मांडवामागे मोठ्यांच्या टेबलावरून उचललेला एक पेला नववी-दहावीतल्या मुलांच्या घोळक्यात फिरू लागतो. एक मुलगा तो हातात घेतो, क्षणभर थांबतो आणि न पिताच पुढे सरकवतो. दुसऱ्याच्या हाती येताच पेला ओठाला लागलेला असतो. विचार त्याच्याही मनात येतो, पण दोन घोट पोटात गेल्यावर. दोघेही एकाच वाड्यावरचे, एकाच वर्गातले. मद्याचे दुष्परिणाम दोघांनाही पाठ आहेत. फरक आहे तो मनात उठलेली ऊर्मी आणि प्रत्यक्ष कृती यांच्यामधल्या काही क्षणांच्या अंतराचा.

हे अंतर ज्यांच्या बाबतीत फार तोकडे असते, त्यांच्या स्वभावाला मानसशास्त्रात आवेगशीलता म्हणतात. व्यवहारात आपण त्याला उतावीळपणा म्हणतो. किशोरवयात मद्यपान लवकर सुरू होण्यामागे जी कारणे संशोधनात सातत्याने पुढे आली आहेत, त्यांत या स्वभावविशेषाला महत्त्वाचे स्थान आहे. मात्र घरात आणि शाळेत त्याची दखल बहुधा ‘वांड मुलगा’, ‘ऐकत नाही’ अशा शेऱ्यापलीकडे जात नाही.

आवेगशीलता म्हणजे नेमके काय?

आवेगशीलता हा एकसंध गुण नाही. अमेरिकेतील स्टीफन व्हाइटसाइड आणि डोनाल्ड लायनम या मानसशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये तिचे चार घटक वेगळे करून दाखवले. पहिला, राग, अपमान किंवा दुःख अनावर झाले की त्या भरात कृती करून बसणे. दुसरा, परिणामांचा आधी विचार न करणे. तिसरा, हाती घेतलेले काम कंटाळा येताच सोडून देणे. चौथा, थरार आणि नावीन्य यांची ओढ. पुढे यात पाचव्या घटकाची भर पडली. आनंदाच्या भरातही काही जणांचा तोल सुटतो. सामना जिंकल्यावर, परीक्षा संपल्यावर किंवा उत्सवाच्या रात्री केलेली अविचारी कृती या प्रकारात मोडते.

हे वर्गीकरण केवळ पुस्तकी नाही. थरार शोधणारा मुलगा मद्याकडे कुतूहलाने वळतो. भावनेच्या भरात वाहून जाणारी मुलगी भांडणानंतर किंवा अपयशानंतर मनातली कालवाकालव शांत करण्यासाठी त्याच मार्गाला लागू शकते. बाहेरून दोघांची कृती सारखी दिसली तरी आतली वाट वेगळी असते. म्हणून दोघांना एकच उपदेश पुरत नाही.

आवेगशीलता मोजण्याच्या काही रूढ पद्धती आहेत. प्रश्नावली ही त्यांतील एक. दुसऱ्या पद्धतीत आज मिळणारी लहान रक्कम आणि काही महिन्यांनी मिळणारी मोठी रक्कम यांतून निवड करायला सांगतात. तिसऱ्या पद्धतीत संगणकाच्या पडद्यावर खूण दिसताच कळ दाबायची असते, पण मध्येच थांबण्याचा इशारा आला तर हात आवरायचा असतो. प्रत्येक पद्धत वेगळी क्षमता तपासते. त्यामुळे एकाच चाचणीवरून एखाद्या मुलावर शिक्का मारणे शास्त्रालाही मान्य नाही.

किशोरवयातला मेंदू

या वयात उतावीळपणा काही प्रमाणात सर्वांमध्येच वाढलेला दिसतो. त्याचे कारण मेंदूच्या वाढीच्या क्रमात आहे. सुख, बक्षीस आणि उत्तेजना यांना प्रतिसाद देणारी मेंदूच्या आतल्या भागांतील यंत्रणा वयात येण्याच्या सुमारास जोमाने काम करू लागते. विचार करणे, परिणाम ताडणे आणि स्वतःला आवरणे ही कामे प्रामुख्याने कपाळामागील भागाकडे असतात. त्या भागाची परिपक्वता मात्र विशीच्या मध्यापर्यंत चालू राहते. गाडीचे इंजिन आधी तयार व्हावे आणि ब्रेक नंतर बसवले जावेत, अशी ही अवस्था असते.

सोबत्यांची उपस्थिती ही तफावत आणखी वाढवते. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात वेगवेगळ्या वयोगटांतील व्यक्तींना संगणकावर मोटार चालवण्याचा खेळ दिला. एकटे असताना १३ ते १६ वर्षांची मुले प्रौढांपेक्षा फारशी वेगळी वागली नाहीत. मित्र पाहत असताना मात्र त्यांनी कितीतरी अधिक धोका पत्करला. प्रौढांच्या वागण्यात मित्रांमुळे तसा फरक पडला नाही. घरी समंजसपणे बोलणारा मुलगा घोळक्यात वेगळाच कसा वागतो, या पालकांच्या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर यात बऱ्याच अंशी मिळते.

ज्यांचा स्वभाव मुळातच उतावीळ आहे, त्यांच्या बाबतीत वयाचा उतावीळपणा आणि स्वभावाचा उतावीळपणा यांची बेरीज होते. अतिचंचलता आणि अवधानातील त्रुटी यांचा विकार असलेल्या मुलांचा यात विशेष विचार करावा लागतो. या विकारात आवेग आवरण्याची अडचण हे प्रमुख लक्षण असते आणि अशा मुलांमध्ये पुढे व्यसनाचा धोका अधिक आढळतो. त्यावरील औषधांमुळेच व्यसन लागेल, अशी भीती अनेक पालकांना वाटते. दीर्घकालीन अभ्यासांत तसे आढळलेले नाही.

पहिल्या पेल्याच्या वयाचे महत्त्व

अमेरिकेतील ब्रिजेट ग्रँट आणि डेबोरा डॉसन यांनी १९९७ मध्ये २७ हजारांहून अधिक प्रौढांच्या राष्ट्रीय पाहणीचे निष्कर्ष मांडले. वयाच्या पंधराव्या वर्षापूर्वी मद्य घेऊ लागलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के व्यक्ती आयुष्यात कधी ना कधी मद्याच्या अधीन झाल्या होत्या. विसाव्या वर्षी किंवा त्यानंतर सुरुवात करणाऱ्यांमध्ये हेच प्रमाण सुमारे १० टक्के होते. सुरुवात जितकी उशिरा, तितका धोका कमी, असा क्रम त्यातून स्पष्ट झाला.

मात्र लवकर सुरुवात हे पुढच्या व्यसनाचे कारण आहे की दोन्ही गोष्टींचे मूळ तिसरीकडेच आहे, हा प्रश्न उरतो. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातील जुळ्यांवरील १९९९ च्या अभ्यासाने दुसऱ्या शक्यतेकडे बोट दाखवले. ज्या स्वभावामुळे पेला लवकर हाती येतो, तोच स्वभाव पुढे तो खाली ठेवू देत नाही, असे या विचाराचे सार आहे. या स्वभावविशेषात आवेगशीलतेचा वाटा मोठा असतो.

उलट दिशेचा परिणामही दिसून आला आहे. किशोरवयात सातत्याने जास्त मद्य घेतल्यास स्वतःला आवरण्याची क्षमता आणखी क्षीण होऊ शकते, कारण त्या क्षमतेचा मेंदूतील पाया अजून घातला जात असतो. अशा रीतीने उतावीळपणातून मद्यपान आणि मद्यपानातून अधिक उतावीळपणा असे चक्र सुरू होते. स्वभाव पटकन बदलता येत नाही. पहिल्या पेल्याची वेळ मात्र पुढे ढकलता येते. प्रतिबंधाच्या प्रयत्नांत सुरुवातीच्या वयावर भर दिला जातो तो यामुळेच.

स्वभावाला संधी मिळते तेव्हा

उतावीळ स्वभाव एकटा मद्यपान घडवत नाही. त्यासाठी मद्य हाताशी असावे लागते. फिनलंडमधील जुळ्यांच्या अभ्यासांनी हा मुद्दा ठळक केला आहे. चौदाव्या वर्षापर्यंत मद्याची चव घेतली जाते की नाही, यावर घर, शाळा आणि परिसर यांचा प्रभाव मोठा असतो. आनुवंशिकतेचा प्रभाव पुढील वयात, मद्य घेण्याच्या प्रमाणावर अधिक दिसू लागतो.

गोव्याच्या संदर्भात हा निष्कर्ष गंभीरपणे घ्यावा लागतो. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत देशातील १० ते ७५ वयोगटात मद्य घेणाऱ्यांचे प्रमाण १४.६ टक्के आढळले. १० ते १७ वयोगटात ते १.३ टक्के होते. मद्यपानाचे प्रमाण सर्वाधिक असलेल्या राज्यांत छत्तीसगड, त्रिपुरा, पंजाब आणि अरुणाचल प्रदेश यांच्यासोबत गोव्याचेही नाव होते.

उत्तर गोव्यातील २० ते ४९ वर्षांच्या पुरुषांवरील एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. आधीच्या पिढीच्या तुलनेत नंतर जन्मलेल्या पुरुषांमध्ये किशोरवयातच मद्यपान सुरू करण्याचे प्रमाण ठळकपणे वाढलेले त्यात आढळले. किशोरवयात सुरुवात करणाऱ्यांमध्ये प्रौढपणी मद्याची अधीनता, मानसिक ताण आणि दुखापती यांचे प्रमाणही जास्त होते. परदेशातील निष्कर्ष आपल्याला लागू नाहीत, असे म्हणण्यास त्यामुळे जागा उरत नाही.

राज्यात मद्य हे सामाजिक जीवनाचा भाग आहे. काजूच्या हंगामातला हुर्राक, घरात औषध म्हणून ठेवलेली फेणी, लग्नातला खास कोपरा, गावातला बार आणि पर्यटनाच्या पट्ट्यातली दुकानांची रांग हे सारे मुलाच्या नित्य परिचयाचे असते. बहुसंख्य मुले त्यातूनही सावधपणे वाट काढतात. ज्याच्या मनात ऊर्मी आणि कृती यांच्यात अंतरच नाही, त्याच्यासाठी मात्र हाताशी असलेली प्रत्येक बाटली हा एक स्वतंत्र धोका ठरतो.

परिसर बदलला तर चित्र किती बदलू शकते, याचे उदाहरण आइसलँडने घालून दिले. तेथे १९९८ मध्ये १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुले मागील महिनाभरात मद्यधुंद झाल्याचे सांगत होती. २०१६ मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. खेळ, संगीत आणि कलावर्गांची सोय, पालकांचे संघटन, मुलांनी रात्री उशिरा बाहेर राहण्यावरील बंधने आणि दरवर्षीच्या पाहण्या यांवर तेथे भर दिला गेला. या काळात मुलांचे स्वभाव बदलले नाहीत. त्यांच्या संध्याकाळी बदलल्या.

स्वभाव म्हणजे भवितव्य नव्हे

न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या सुमारे एक हजार मुलांचा मागोवा गेली अनेक दशके घेतला जात आहे. टेरी मॉफिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये या अभ्यासाचे निष्कर्ष मांडले. तीन ते अकरा वर्षे वयात ज्यांचा स्वतःवरील ताबा कमी होता, त्यांच्यात बत्तिसाव्या वर्षी आरोग्याच्या तक्रारी, आर्थिक ओढाताण, व्यसनाधीनता आणि गुन्ह्यांची नोंद यांचे प्रमाण अधिक होते.

याच अभ्यासातील आणखी दोन निरीक्षणे तितकीच महत्त्वाची आहेत. कमी ताबा असलेली मुले किशोरवयात काही सापळ्यांत अडकण्याची शक्यता अधिक होती. पंधराव्या वर्षाआधी धूम्रपान, शाळा लवकर सुटणे आणि नकळत्या वयातले पालकत्व हे ते सापळे. प्रौढपणीच्या हानीचा काही भाग या सापळ्यांमुळे घडला होता. म्हणजे उतावीळ मूल सापळा टाळून पुढे गेले, तर त्याची वाट बरीच सुकर होते. दुसरे असे की, वाढत्या वयात ज्यांचा स्वतःवरील ताबा सुधारला, त्यांचे पुढचे आयुष्य अपेक्षेपेक्षा चांगले गेले.

वॉल्टर मिशेल यांच्या गाजलेल्या मिठाईच्या प्रयोगाबाबतही सावधपणे बोलायला हवे. समोरची मिठाई लगेच न खाता थांबणाऱ्या बालकांना पुढे अधिक यश मिळते, असा त्याचा सोपा अर्थ वर्षानुवर्षे सांगितला गेला. २०१८ मध्ये अधिक मुलांवर झालेल्या फेरतपासणीत कुटुंबाची परिस्थिती लक्षात घेतल्यावर हा संबंध खूपच क्षीण झाला. संयम हा केवळ मुलाचा गुण नसतो. घरातील स्थैर्य, आईवडिलांचे शिक्षण आणि दिलेला शब्द पाळला जाईल हा विश्वास यांतूनही तो घडतो.

शाळेत काय उपयोगी पडते?

व्यसनांविषयीचे व्याख्यान, भीतिदायक चित्रे आणि शपथ हा शाळांतील नेहमीचा उपाय आहे. अमेरिकेत १९८३ मध्ये सुरू झालेल्या ‘डेअर’ या कार्यक्रमात पोलीस वर्गात येऊन मुलांना व्यसनांपासून दूर राहण्याचे धडे देत. तो लोकप्रिय झाला, पण नव्वदच्या दशकातील मूल्यमापनांत मद्य व अमली पदार्थांच्या वापरावर त्याचा परिणाम नगण्य आढळला. उतावीळ मुलाच्या बाबतीत याचे कारण समजण्याजोगे आहे. माहिती त्याच्याकडे असते. ती योग्य क्षणी आठवण्याइतका अवधी नसतो.

कॅनडातील पॅट्रिशिया कॉनरॉड यांनी विकसित केलेला ‘प्रिव्हेंचर’ हा कार्यक्रम या अडचणीचा थेट विचार करतो. छोट्या प्रश्नावलीतून निराशा, चिंता, आवेग आणि थराराची ओढ अशा चार स्वभावगटांतील मुले ओळखली जातात. त्या-त्या गटासाठी दीड तासांची दोन सत्रे होतात. आवेगशील मुले त्यात स्वतःच्या वागण्याचे प्रसंग सांगतात, ऊर्मी उठली की शरीरात आणि मनात काय घडते ते ओळखायला शिकतात आणि त्या क्षणी काय करायचे याचा आधीच सराव करतात. लंडनमधील शाळांतील चाचणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. शाळेतील प्रशिक्षित कर्मचाऱ्यांनी घेतलेल्या या सत्रांनंतर जोखीम असलेल्या मुलांमधील मद्यपान दोन वर्षांपर्यंत कमी राहिले. त्याच शाळांतील जी मुले सत्रांत नव्हती, त्यांच्यातही काही प्रमाणात फायदा दिसला.

पहिलीच्या वर्गापासून सुरुवात करणारा आणखी एक उपाय म्हणजे सद्वर्तनाचा खेळ. वर्गाचे गट पाडायचे, नियम ठरवायचे आणि जो गट नियम पाळेल त्याला छोटेसे बक्षीस द्यायचे, इतकी त्याची रीत साधी आहे. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात १९८५ च्या सुमारास पहिलीत हा खेळ खेळलेल्या मुलांची १९ ते २१ व्या वर्षी पुन्हा पाहणी झाली. मद्य आणि अमली पदार्थांशी निगडित विकार त्यांच्यात कमी होते. सर्वाधिक लाभ झाला तो पहिलीत आक्रमक आणि बेशिस्त म्हणून गणल्या गेलेल्या मुलग्यांना.

शाळांसाठी यातून निघणारा बोध स्पष्ट आहे. दंगेखोर मुलाला वारंवार वर्गाबाहेर काढले, की त्याचा मोकळा वेळ वाढतो आणि त्याच्यासारखेच सोबती मिळतात. त्याला क्रीडासंघात, नाट्यपथकात किंवा ढोलताशाच्या पथकात जबाबदारीचे काम देणे अधिक हितावह ठरते. थराराची ओढ दडपता येत नाही. तिला दुसरी वाट देता येते.

घरात काय करावे?

घरच्या घरी थोडी चव दिली तर मूल बाहेर वाहवत नाही, असा समज अनेक कुटुंबांत आहे. ऑस्ट्रेलियात सुमारे १,९०० मुलांचा सहा वर्षे मागोवा घेणाऱ्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पालकांनी मद्य दिल्याने मुलांना कोणतेही संरक्षण मिळाल्याचे आढळले नाही. उलट अशा मुलांमध्ये इतर ठिकाणांहून मद्य मिळवण्याची शक्यता वाढली. घरातली बाटली कुलपात ठेवणे हा अविश्वास नसून खबरदारी आहे, हे मुलालाही मोकळेपणाने सांगता येते.

उतावीळ मुलासाठी नियम थोडे, स्पष्ट आणि रोज सारखेच असावेत. आज दुर्लक्ष आणि उद्या मारझोड या पद्धतीतून तो संयम शिकत नाही. मूल कोठे आहे, कोणासोबत आहे आणि केव्हा परतणार आहे, याची पालकांना असलेली सहज माहिती हे सर्वांत भरवशाचे संरक्षण मानले जाते. पण ही माहिती उलटतपासणीतून मिळत नाही. ती रोजच्या बोलण्यातून मिळते.

प्रसंगाची पूर्वतयारी हा आणखी एक परिणामकारक उपाय आहे. पेला पुढे आला तर काय म्हणायचे, घोळक्यातून बाहेर कसे पडायचे आणि रात्री कितीही वाजले तरी कोणाला फोन करायचा, हे आधीच ठरलेले असले, की त्या क्षणी विचार करण्याची गरज कमी होते. फोन आल्यावर पालकांनी आधी मुलाला सुखरूप घरी आणावे आणि बोलणे दुसऱ्या दिवसावर ठेवावे. पुरेशी झोप हाही यातलाच भाग आहे, कारण जागरणाने थकलेल्या मेंदूला आवेग आवरणे अधिक जड जाते.

मदत केव्हा घ्यावी?

लहानपणापासून असलेला चंचलपणा शिक्षणाच्या आड येत असेल, रागाच्या भरात वारंवार दुखापती होत असतील, पैसे नाहीसे होत असतील, मित्रमंडळ अचानक बदलले असेल किंवा मद्याचा वास एकापेक्षा अधिक वेळा आला असेल, तर ‘वय आहे, जाईल’ म्हणून थांबू नये. शाळेतील समुपदेशक हा पहिला टप्पा असू शकतो. बांबोळी येथील मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्थेत तज्ज्ञांचे उपचार उपलब्ध आहेत. केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर, राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनी १४४४६ या क्रमांकावर, तर संकटातील बालकांसाठीची मदतवाहिनी १०९८ या क्रमांकावर मिळते.

कायद्याची बाजूही लक्षात ठेवावी. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७७ नुसार वैद्यकीय सल्ल्याविना अठरा वर्षांखालील व्यक्तीला मद्य देणाऱ्यास किंवा देववणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ही तरतूद केवळ विक्रेत्यापुरती मर्यादित नाही. मांडवामागे पुतण्याच्या हाती पेला देणाऱ्या काकालाही ती लागू होते.

त्या मांडवामागच्या दोन मुलांपैकी थांबलेल्या मुलाचे कौतुक होते आणि न थांबलेल्याला बोल लावला जातो. दुसऱ्या मुलाला थांबण्यासाठी काही क्षण अधिक हवे होते. ते क्षण त्याचा मेंदू पुढच्या काही वर्षांत स्वतःच मिळवणार आहे. तोवर पेला त्याच्या हातापर्यंत पोहोचणार नाही, हे पाहण्याचे काम भोवतालच्या मोठ्यांचे आहे.